जागतिकीकरण समजून घेताना : काही वाचनीय पुस्तके

जागतिकीकरण हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रुळला तो जुलै १९९१ मधील नव्या आर्थिक धोरणानंतर. तेव्हापासून या विषयावर प्रामुख्याने दोनच सूर ऐकू येत आले. एक स्वागताचा आणि दुसरा धिक्काराचा. सामान्य वाचकाला पडणारे प्रश्न मात्र अधिक साधे असतात. मुलाची नोकरी सातासमुद्रापार घेतल्या गेलेल्या निर्णयावर का अवलंबून राहते? अंगातला सदरा इतका स्वस्त कसा मिळतो आणि त्या स्वस्ताईचा भार कोण वाहते? या प्रश्नांची उत्तरे घोषणांत सापडत नाहीत. ती शोधण्यासाठी काही पुस्तकांचा आधार निश्चितच घेता येतो.

वस्तूच्या मागोमाग

अर्थशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाने सिद्धांतापेक्षा वस्तूपासून सुरुवात करावी. पिएत्रा रिवोली या अमेरिकी प्राध्यापिकेचे 'द ट्रॅव्हल्स ऑफ अ टी-शर्ट इन द ग्लोबल इकॉनॉमी' (२००५) त्यासाठी उत्तम. फ्लोरिडात विकत घेतलेल्या एका टी-शर्टचा माग काढत लेखिका टेक्सासमधील कापसाच्या शेतात, शांघायच्या कारखान्यात आणि अखेर टांझानियातील जुन्या कपड्यांच्या बाजारात पोहोचते. तिचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. या सदऱ्याचे भवितव्य खुल्या बाजारापेक्षा अमेरिकेतील शेती अनुदाने आणि आयातीचे कोटे यांनी, म्हणजेच राजकारणाने, अधिक घडवले. मुक्त व्यापार म्हणून ज्याचा गौरव वा निषेध होतो, तो प्रत्यक्षात फारसा मुक्त नसतो, हे त्यातून उमगते.

मार्क लेव्हिन्सन यांचे 'द बॉक्स' (२००६) हे पुस्तक चक्क मालवाहू कंटेनरचा इतिहास सांगते. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल-एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल जहाजावर चढवण्यास त्या काळी टनामागे साडेपाच डॉलरहून अधिक खर्च येई. कंटेनरमुळे तो सोळा सेंटच्या आसपास आला. दूर देशी माल तयार करून घेणे परवडू लागले ते यामुळे. मात्र न्यूयॉर्कच्या जुन्या गोद्या ओस पडल्या आणि हजारो गोदी कामगारांचे काम गेले. १९८९ मध्ये न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यानंतर मुंबई बंदरातील कंटेनर वाहतूक खाडीपलीकडे सरकत गेली. ते पाहिलेल्या मुंबईकराला ही कथा परकी वाटणार नाही.

दोन पंडितांचा वाद

यानंतर वादाकडे वळावे आणि दोन्ही बाजू एकत्र वाचाव्यात. जोसेफ स्टिग्लिट्झ हे १९९७ ते २००० या काळात जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 'ग्लोबलायझेशन अँड इट्स डिसकन्टेन्ट्स' (२००२) या पुस्तकात त्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीवर कठोर टीका केली आहे. १९९७ च्या पूर्व आशियाई संकटात व्याजदर वाढवण्याचे आणि सरकारी खर्च कापण्याचे उपाय लादल्याने दुखणे बळावले, असे ते म्हणतात. मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती यांचे 'इन डिफेन्स ऑफ ग्लोबलायझेशन' (२००४) नेमकी उलट बाजू मांडते. व्यापारामुळे पालकांचे उत्पन्न वाढले की बालमजुरी घटते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. गंमत म्हणजे अल्पमुदतीच्या परदेशी भांडवलाला घाईने दार उघडण्याच्या धोक्याबाबत या दोघांचे एकमत आहे. एकच पुस्तक वाचणाऱ्याच्या हे ध्यानात येणार नाही.

थॉमस फ्रिडमन यांच्या 'द वर्ल्ड इज फ्लॅट' (२००५) ची भारतात मोठी चर्चा झाली. बंगळुरूत नंदन नीलेकणी यांच्याशी झालेल्या संवादातून स्फुरलेले हे पुस्तक कमालीचे वाचनीय आहे. मात्र त्याचा आशावाद जपूनच घ्यावा. पंकज घेमावत यांनी 'वर्ल्ड ३.०' (२०११) मध्ये दाखवून दिले की बहुतांश गुंतवणूक, दूरध्वनी संभाषण आणि व्यवहार आजही देशांच्या सीमांच्या आतच होतात. २०१८ पासूनचे अमेरिका-चीन आयातशुल्क युद्ध आणि २०२० ची साथ पाहिल्यावर त्यांचे म्हणणे अधिक पटते.

घराजवळचे वाचन

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचे 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) हे गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींवर उभे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. हे पुस्तक वाचताना एक भान ठेवावे. संप १९८२ चा, तर नवे आर्थिक धोरण १९९१ चे. त्यामुळे गिरणगावाच्या ऱ्हासाचे सारे खापर जागतिकीकरणावर फोडता येत नाही. गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट मोकळी करून देणारी १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली इथेच तयार झाली होती. मराठीत तेलाच्या राजकारणावर गिरीश कुबेर यांनी विपुल लिहिले आहे. सौदी तेलमंत्री शेख यामानी यांच्यावरील त्यांचे 'एका तेलियाने' १९७३ च्या तेलसंकटाची उकल करते.

प्रवासाची साक्ष

आकडेवारी जे सांगत नाही ते प्रवासवर्णन सांगते. पॉल थेरो यांनी लंडनहून आशियात केलेल्या रेल्वेप्रवासावर 'द ग्रेट रेल्वे बझार' (१९७५) लिहिले. पुढे त्याच मार्गाने पुन्हा जाऊन 'घोस्ट ट्रेन टू द ईस्टर्न स्टार' (२००८) सिद्ध केले. पहिल्या खेपेस त्यांना इराण, अफगाणिस्तानातून येता आले. दुसऱ्या खेपेस मध्य आशियातून वळसा घ्यावा लागला. जग जवळ येत असतानाच काही रस्ते बंदही होतात, हे या दोन पुस्तकांतून कळते. मराठीत याची परंपरा जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिका पाहून 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) लिहिले. तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण, व्यापार आणि स्त्रियांची स्थिती त्यांनी बारकाईने नोंदवली, आणि वर्णभेदावर बोटही ठेवले.

एवढी सारी पुस्तके वाचण्यास सवड नसेल, तर रिवोलींचे पुस्तक आधी घ्यावे, स्टिग्लिट्झ आणि भगवती पाठोपाठ वाचावेत आणि मग गिरणगावाकडे यावे. प्रत्येक पुस्तकाला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. लाभ कोणाच्या पदरात पडला? आणि ज्यांनी गमावले, त्यांना भरपाई देण्याची जबाबदारी कोणी घेतली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लेखक देतात. दुसऱ्यावर बहुतेकांची लेखणी अडखळते, आणि धोरणकर्त्यांची वाणीही. मतदार म्हणून आणि नोकरदार म्हणून वाचकाला ज्याचे उत्तर मागायचे आहे, तो प्रश्न दुसराच आहे.