तंत्रबळ मोजायचे ते कशाने?

प्रगत तंत्रविद्येच्या उद्योगांत कोणते राष्ट्र जगाशी किती टक्कर देऊ शकेल, हे आकड्यांत मांडण्याचा प्रघात आता सर्वत्र रूढ झाला आहे. जागतिक नवोपक्रम निर्देशांकात भारत २०१५ साली ८१ व्या स्थानी होता. २०२४ साली तो ३९ व्या स्थानी आला. ही वार्ता आनंदाची आहे यात संशय नाही. परंतु माप कशाचे घेतले हे न विचारता केवळ आकडा मिरविणे साध्या पेठेतील व्यापाऱ्यालाही शोभत नाही. मग ते राष्ट्राला कसे शोभावे?

सर्वांत सोपे माप निर्यातीचे. संगणक, विमाने, औषधे, दूरसंचाराची साधने असा माल किती रकमेचा बाहेर गेला, ते मोजावे आणि तेवढे त्या देशाचे तंत्रबळ समजावे. या मापातील फसगत एका उदाहरणाने उघड झालेली आहे. २००९ साली चीनमधून निर्यात होणाऱ्या एका आयफोनचा उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर होता. त्यात चीनमधील जुळणीचा वाटा अवघा साडेसहा डॉलरचा असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. बाकीचे मोल जपान, जर्मनी, कोरिया, अमेरिका आदी देशांतून आलेल्या भागांचे होते. निर्यातीच्या वहीत मात्र सारी रक्कम चीनच्या खाती जमा! आज भारतातूनही अशाच फोनांची मोठी निर्यात होते. तिच्यामुळे हजारो हातांना काम मिळते, हे चांगलेच आहे. पण हातांना काम मिळणे निराळे आणि विद्या हाती येणे निराळे, हा विवेक सुटता कामा नये.

याहून शहाणी रीत अमेरिकेतील जॉर्जिया तंत्रविद्या संस्थेच्या अभ्यासकांनी बसविली. त्यांनी राष्ट्राची आजची पत आणि उद्याची कुवत यांचा हिशेब वेगळा ठेवला. उद्याच्या कुवतीसाठी त्यांनी चार गोष्टी तपासल्या: तंत्रविद्येत पुढे जाण्याचा राष्ट्राचा निर्धार, शिक्षण व भांडवल यांचा सामाजिक पाया, शास्त्रज्ञ व अभियंते यांचे बळ आणि प्रत्यक्ष उत्पादनाची क्षमता. २००८ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात आजच्या पतीच्या मापाने चीनने अमेरिकेस मागे टाकल्याचे दिसले, तेव्हा जग चकित झाले. ज्यांनी आधीची वर्षे या चार गोष्टींवर लक्ष ठेवले होते, त्यांना चकित होण्याचे कारण नव्हते.

या चार गोष्टींचे मोल पटण्यास सातारा-सांगलीच्या माणसाला परदेशी जावे लागत नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर आले, तेव्हा निर्यातीच्या मापाने त्या माळाची किंमत शून्य भरली असती. पण औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा आणि कर्ज दिले. हा निर्धार होय. नांगर करणारे कारागीर तेथेच तयार झाले. ही उत्पादनाची क्षमता होय. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेची पदवी घेऊन परतले, ते याच माळावर. हे अभियंत्यांचे बळ होय. किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केलेले आणि साताऱ्यास कूपरांच्या कारखान्याशी संबंध असलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली. हा सामाजिक पाया होय. पुढे १९४७ साली सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेच आजचे वालचंद महाविद्यालय. नांगरापासून आरंभ झालेली वाडी आज पंपांसाठी देशाबाहेरही ओळखली जाते. एका पिढीने पेरले आणि दुसरीने कापले, असा हा हिशेब आहे.

आज आम्ही काय पेरीत आहोत? संशोधनावर भारताचा खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के इतकाच होता. दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या घरात आहे. सरकारी खजिन्याइतकाच हा दोष खासगी उद्योगांचाही आहे, कारण पुढारलेल्या देशांत संशोधनाचा मोठा भार कारखानदारच उचलतात. आराखडा परक्याचा आणि हात आमचे, ही सवय जडली की परक्याने आराखडा आवरून घेताच हात रिकामे राहतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांनी दरसाल आपला हिशेब प्रसिद्ध करावा. कुपवाड, मिरज, पलूस आणि सातारा येथील औद्योगिक वसाहतींत स्वतःच्या आराखड्यावर माल करणारे कारखाने किती, मालाची कसोटी येथेच होते की पुण्यास धाडावी लागते, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील यंत्रे कोणत्या सालची, आणि येथे शिकलेल्या अभियंत्यांपैकी येथेच काम मिळालेले किती, हे चार प्रश्न पुरेत. उत्तरे कदाचित मान खाली घालावयास लावतील. पण खोट्या मापाने फुगलेल्या अभिमानापेक्षा खऱ्या मापाने आलेली लाज अधिक हितकर असते. कारण तिच्यातूनच दुरुस्तीचे काम सुरू होते.