फ्रेंच शिकताना इंग्रजी जरा बाजूला ठेवा

अकरावीला मार्कांसाठी घेतलेली असो की क्विबेकला जायचं म्हणून, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिका की घरी मोबाइलवर, फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाच्या शंका साधारण त्याच असतात. त्यातल्या बऱ्याचशा फ्रेंचमुळे पडतच नाहीत. इंग्रजीतून शिकल्यामुळे पडतात.

भूतकाळाचंच घ्या. ‘झे एक्री युन लेत्र’ म्हणजे मी चिठ्ठी लिहिली. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणायचं झालं, चिठ्ठी आधी आली, की ‘एक्री’चं ‘एक्रीत’ होतं: ‘ला लेत्र क झे एक्रीत’. का? तर ‘लेत्र’ स्त्रीलिंगी. इंग्रजी क्रियापदाला कर्माच्या लिंगाचं सोयरसुतक नसतं, म्हणून शिकणारा गांगरतो. आपला कर्मणी प्रयोग तर रोज हेच करतो: निबंध लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं. फ्रेंचमध्ये हा नियम कवी क्लेमाँ मारो याने १५३८च्या सुमारास, इटालियनचा दाखला देत, चक्क पद्यात मांडला. फ्रेंच मुलं त्यात आजही चुकतात.

धाराशिव जिल्ह्यातल्या तामलवाडीच्या मुलाने मात्र इथे थोडं जपावं. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या या पट्ट्यात ‘मी काम केलो’ असं सर्रास ऐकू येतं. क्रियापद कर्माला सोडून कर्त्यामागे जातं. हा कन्नडच्या शेजाराचा परिणाम मानतात, आणि त्याला नाक मुरडायचं काही कारण नाही. फक्त ‘एक्रीत’ समजून घेताना शाळेच्या पुस्तकातलं ‘लिहिली’ आठवावं. ‘एल ए आले’, म्हणजे ‘ती गेली’, इथे फ्रेंचही कर्त्याचंच ऐकते. जादा ‘ई’ लिहायचा, उच्चारायचा नाही. अर्थात जोडी सगळीकडे जुळत नाही. ‘ती झोपली’ला फ्रेंचमध्ये असा बदल होत नाही. असा बदल होणाऱ्या क्रियापदांची यादी पाठच करावी लागते.

‘दप्वी’ची, म्हणजे ‘-पासून’ची, शंका तर इंग्रजीनेच जन्माला घातलेली. ‘मी तीन वर्षांपासून तामलवाडीत राहतो’ यात आपण सरळ वर्तमानकाळ वापरतो. फ्रेंचही तेच करते: ‘झाबीत आ तामलवाडी दप्वी त्र्वा आं’. इंग्रजीच्या लांबलचक पूर्ण काळाचं इथे काहीच काम नाही. ‘सब्जाँक्तिफ’ या नावाला घाबरणाऱ्यांनी ‘तू यावंस, हे गरजेचं आहे’ हे वाक्य म्हणून पाहावं. ‘इल फो क त्यु व्येन’मधलं ‘व्येन’ म्हणजे जवळजवळ आपलं ‘यावंस’. ‘आम्ही जायचो’ आणि ‘आम्ही गेलो’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला ‘अँपारफे’ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठी दगा देते. आपली लिंगं तीन, त्यांची दोन. चंद्र आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे ‘ला ल्यून’, स्त्रीलिंगी. आपलं नपुंसकलिंगी पुस्तक तिकडे पुल्लिंगी. म्हणून नाम कधीही एकटं पाठ करू नका. पहिल्या दिवसापासून ‘ल’ किंवा ‘ला’ जोडूनच वहीत उतरवा.