श्वास, बोटे आणि कारकीर्द

वाचकहो, बेळगावजवळचे सुळेभावी तुमच्यापैकी पुष्कळांच्या जाण्यायेण्यातले. तिथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ जन्मला. थोर गवयांच्या रेकॉर्डी ऐकून तो त्या हुबेहूब गाई. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला मिसरूड फुटण्याआधीच मिळाली. पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले. देवधर मिरजेचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांचा अभ्यास. ऐन विशीत, १९४७ च्या सुमारास, क्षयाने गाठले. जानेवारी १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी बिऱ्हाड देवासला गेले. गाणे बंद.

त्या काळी क्षय म्हणजे विश्रांती, सकस आहार आणि दैव. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले, ते यथावकाश इकडे आले आणि कुमारजी वाचले. माझी पॅथी निराळी. पण श्रेय ज्याचे त्याला द्यावे. एक फुप्फुस मात्र निकामी झाले होते. गाणाऱ्याचा भाता म्हणजे फुप्फुस. हवा कमी, म्हणजे एका दमातली लांबलचक तान अवघड. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफिलीला बसले, तेव्हा छोटे, धारदार स्वरसमूह आणि मधली बोलकी शांतता लोकांनी ऐकली.

ही गायकी आजाराने घडवली, असे सर्रास म्हणतात. मला ते अर्धेच पटते. श्वास ओळीची लांबी ठरवतो. स्वर कुठे ठेवायचा ते ठरवत नाही. एका फुप्फुसावर जगणारे रुग्ण मीही पाहिले आहेत, त्यातला कोणी गवई झाला नाही! अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारजींनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली, त्यांतून नवे राग शोधले. ते काम कानाचे आणि बुद्धीचे.

आता दुसरी गोष्ट पाहा. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले, गुडघ्यांत धरून वाजवायचे मोठे वाद्य. त्याचा आवाज माणसाच्या गळ्याजवळचा. इंग्लंडची जॅकलीन द्यू प्रे ही १९४५ सालची. विशीत तिने एल्गारच्या चेलो कन्चेर्टोची रेकॉर्ड केली, ती आजही ऐकली जाते. पुढे बोटांची संवेदना जाऊ लागली. १९७३ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. यात मज्जातंतूंवरचे आवरण झिजते आणि मेंदूचा निरोप बोटांपर्यंत धड पोहोचत नाही. तार किती दाबली हे बोटालाच कळेना, तर सूर कुठून लागणार? कुमारजींना वेळेवर औषध मिळाले. तिच्या रोगाला थोपवणारे औषध तेव्हा नव्हतेच. १९८७ मध्ये, ४२ व्या वर्षी ती गेली.

तुमच्या घरी तबल्याला, पेटीला बसणारे नातवंड असेल. त्याची बोटे बधिर होतात, आवाज आठवडेच्या आठवडे बसतो, खोकला हटत नाही, तर ‘रियाज वाढव’ म्हणू नका. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात आणि क्षयाची औषधेही फुकट देतात.