टिल्ट : पठारावर वरदान, कड्यावर अडचण

मीडियम फॉरमॅटकडे वळलेल्यांमध्ये एक समज घट्ट बसलेला असतो : टिल्ट केलं, म्हणजे लेन्स सेन्सरच्या तुलनेत झुकवली, की पायाशी असलेल्या फुलापासून क्षितिजापर्यंत सगळं खणखणीत येतं. प्रत्यक्षात टिल्टमुळे स्पष्टतेचा पट्टा रुंद होत नाही, त्याची दिशा बदलते. लेन्स आणि सेन्सर समांतर असतात तेव्हा फोकसचं प्रतल कॅमेऱ्यासमोर भिंतीसारखं उभं असतं. लेन्स खाली झुकवली की ते जमिनीच्या दिशेनं आडवं होतं. ऑस्ट्रियन कॅप्टन थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी १९०४च्या पेटंटमध्ये हे तत्त्व मांडलं, तेही निसर्गचित्रांसाठी नाही, हवाई छायाचित्रांतली विकृती काढण्यासाठी.

कास पठार घ्या. सप्टेंबरात तेरडा आणि सीतेची आसवं सपाट पसरलेली असतात. कॅमेरा फुलांच्या माथ्यापासून १ मीटर उंच असेल आणि कॅमेऱ्याचा मागचा, सेन्सरचा भाग उभा असेल, तर ५५ मिमी लेन्सला सुमारे ३ अंश टिल्ट पुरतो. ‘जितका जास्त टिल्ट तितकं चांगलं’ हा समज इथेच गळून पडतो. हिशेब सोपा आहे : फोकल लेंग्थला (मिमी) त्या उंचीने (मीटर) भागा, आलेल्या उत्तराला साधारण १७ने भागा, अंश मिळतात. उंची फुलांपासून मोजायची, मातीपासून नाही. यानंतर फोकस रिंग फिरवली की प्रतल पुढेमागे सरकत नाही, कॅमेऱ्याखालच्या एका रेषेभोवती फिरतं. नवख्याचा गोंधळ उडतो तो बहुधा इथेच.

मात्र हा स्पष्ट पट्टा पाचरीच्या आकाराचा असतो. याच मांडणीत एफ/११ला ७ मीटरवर प्रतलाच्या वर आणि खाली सुमारे एकेक मीटर स्पष्ट येतं, दीड मीटरवर जेमतेम वीतभर. म्हणजे पुढ्यातच कारवीचं उंच झुडूप असेल तर त्याचा शेंडा धूसर होणार. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, जिथे कातळ जवळूनच सरळ खाली तुटतो, तिथे मी टिल्ट शून्यावर ठेवून ॲपर्चर बारीक करणं पसंत करेन. कडा चौकटीच्या एकाच बाजूनं दूर जात असेल, तर टिल्टचा अक्ष ९० अंशांत फिरवून आडवा झुकाव देता येतो, पण मग पायाशी असलेल्या फुलांवर पाणी सोडावं लागतं.

‘मग एफ/३२ लावून मोकळं व्हावं’ असंही म्हणतात. विवर्तनामुळे एफ/२२लाच प्रकाशबिंदू सुमारे ३० मायक्रॉनचा होतो. १०० मेगापिक्सेलच्या ४४×३३ मिमी सेन्सरचा पिक्सेल ४ मायक्रॉनहूनही लहान असतो. त्याहून मोठी अडचण वाऱ्याची. कासवर फुलं क्वचितच स्थिर असतात. एफ/३२ ऐवजी एफ/११ला काम झालं तर शटर आठपट वेगवान मिळतं. माझ्या मते टिल्टची खरी कमाई हीच.

आता लेन्स. लँडस्केपला वाइडच हवी आणि टिल्टही वाइडलाच हवा, हे दोन्ही तपासून घ्यावं. ३० मिमी लेन्स एफ/११ला, नीट फोकस केल्यास, सुमारे १ मीटरपासून अनंतापर्यंत पुरेशी स्पष्टता देते. तिथे टिल्टची गरज पुष्कळदा पडतच नाही. ११० मिमीला तोच पल्ला सुमारे १४ मीटरपासून सुरू होतो, म्हणून फुलांच्या गालिच्यामागे डोंगर मोठा दाखवायचा तर टिल्ट खरा उपयोगी पडतो या लेन्सला, तोही ६ अंशांच्या घरात. फुजीफिल्मच्या जीएफ मालिकेत या दोन्ही फोकल लेंग्थच्या टिल्ट-शिफ्ट लेन्स आहेत. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत रोलाय एसएल६६च्या पुढच्या भागातच टिल्टची सोय होती.

आणि वर निमुळती होत जाणारी झाडं-देवळं सरळ करायला टिल्ट वापरू नये. ते काम शिफ्टचं, म्हणजे लेन्स न झुकवता समांतर सरकवण्याचं.