जुन्या वळणाच्या सायकलीचे नागरी पुनरागमन : पुणे शहर व अवसरी बुद्रुक परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

काळा रंग, रुंद हँडल, अठ्ठावीस इंची चाके, स्प्रिंगचे कातडी सीट, मागे भक्कम कॅरिअर आणि चाकाच्या दोन्ही बाजूंनी टेकणारा स्टँड अशी सायकल महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात किमान दोन पिढ्यांच्या उपजीविकेचे साधन होती. गेल्या दोन-अडीच दशकांत हीच आकृती शहरी मध्यमवर्गाच्या जीवनात अभिरुचीचे चिन्ह म्हणून परतली आहे. इटलीत १९९७ पासून 'लेरोइका' या नावाने जुन्या शर्यती सायकलींची फेरी भरते. लंडनमध्ये २००९ पासून जुन्या धाटणीचे लोकरी कपडे घालून सायकलींची 'ट्वीड रन' निघू लागली. १९२६ मध्ये स्थापन झालेली इंग्लंडची पॅशली कंपनी जुन्या वळणाच्या सायकली आजही विकते. भारतातील महानगरांतही या घाटाच्या सायकली साध्या सायकलीच्या अनेक पट किमतीला घेतल्या जातात. या पुनरागमनामागे तांत्रिक तथ्य कितपत आहे आणि ज्यांनी ही सायकल कधी सोडलीच नाही, त्यांच्या वाट्याला त्यातून काय आले, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुर्मीळ वस्तूपासून गरजेच्या वाहनापर्यंत

समान आकाराची दोन चाके आणि मागील चाकाला साखळीने गती देणारी 'रोव्हर' सायकल जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याच १८८८ साली बेळगावातील एका सायकल दुकानातून किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू बेळगावात त्या विकून गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. पुढे नांगर आणि १९१० नंतर किर्लोस्करवाडी हा इतिहास सर्वपरिचित आहे. परंतु मराठी मुलखातील एका मोठ्या यंत्रोद्योगाची पहिली पायरी सायकल होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. त्या काळी सायकल ही सरकारी अधिकारी व सधन गृहस्थ यांनाच परवडणारी वस्तू होती.

तिचे सामान्यीकरण देशी उत्पादनामुळे झाले. मुंबईची हिंद सायकल्स, मद्रासची टीआय सायकल्स, सोनिपतची ॲटलस आणि लुधियानाची हिरो या कारखान्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश 'रोडस्टर' सायकलीचा नमुना जवळपास आहे तसा उचलला आणि दीर्घकाळ फारसा बदलला नाही. इंग्लंडमध्ये जो घाट पुढे मागे पडला, तो भारतात अखंड चालू राहिला. म्हणूनच युरोपात ज्याला पुनरुज्जीवन म्हणता येते, त्याला भारतात तो शब्द पुरता लागू पडत नाही. जे मेलेच नव्हते, त्याला जिवंत कोणी केले?

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठापेठांत होती. विद्यार्थी, कारकून, गिरणी व दारूगोळा कारखान्यांतील कामगार आणि प्राध्यापकही सायकलीवरूनच जात. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ मध्ये 'चेतक' स्कूटर बाहेर पडली आणि पुढील दोन-तीन दशकांत हे चित्र पालटले.

जुन्या बांधणीचे मर्म

या सायकलीचे आकर्षण केवळ स्मरणरंजनाचे आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिच्या बांधणीत वाईट रस्ता आणि जड ओझे यांचा नेमका विचार आहे. चाक मोठे असल्याने खड्ड्याची कड ते कमी तीव्र कोनातून ओलांडते. पुढचा चिमटा अधिक तिरका व टोकाशी पुढे वळलेला असतो. त्यामुळे धक्क्याचा काही भाग तोच सोसतो. दोन चाकांतील अंतर जास्त असल्याने कॅरिअरवर वजन लादले तरी पुढचे चाक सहसा उचलले जात नाही. पारंपरिक मापात पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे असतात, कारण भार प्रामुख्याने मागे येतो. चालकाची बैठक ताठ असते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे शर्यतीत ही बैठक दोष ठरते. परंतु ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाने गर्दीतून जाणाऱ्यास तो दोष फारसा जाणवत नाही. उलट मान वर राहते, पाठीवर ताण कमी येतो आणि रहदारी नीट दिसते. शहरी वापरासाठी वाकलेल्या हँडलच्या सायकलीपेक्षा ही बैठक निश्चितच श्रेयस्कर आहे.

साखळी पूर्ण झाकणाऱ्या चेनकव्हरचा विचारही याच अंगाने करावा लागतो. धोतर, पायजमा किंवा साडीचा काठ साखळीत अडकू नये आणि पावसाळ्यातील चिखल साखळीवर बसू नये, ही दोन्ही कामे ते करते. आडवी दांडी नसलेल्या लेडीज सायकलीमुळे साडी नेसलेल्या स्त्रीला सायकल वापरणे शक्य झाले. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकारंभी साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारने २००६ मध्ये विद्यार्थिनींसाठी सायकल योजना आणली आणि महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली दिल्या गेल्या. या सर्व ठिकाणी सायकलीचा अर्थ फॅशन नसून शाळेपर्यंतचे अंतर हा होता.

दोषही सांगितले पाहिजेत. सळईचे ब्रेक पावसात दगा देतात, कारण रबराचे गुटके ओल्या पोलादी कडेवर घसरतात. वजन सुमारे २० किलो असते आणि गियर एकच. खेड घाटासारख्या चढावर उतरून सायकल ढकलण्यावाचून गत्यंतर नसते. आजच्या नव्या-जुन्या सायकलींत यांपैकी बरेच दोष काढलेले दिसतात. ब्रेक बदलले, मागच्या चाकाच्या तुंब्यात गियर आले, वजन घटले. मात्र त्याबरोबर पुष्कळदा कॅरिअरही गेला आणि त्याच्या जागी समोर वेताची नाजूक टोपली आली. हा बदल लहान दिसला तरी बोलका आहे. ओझे वाहणे हे जिचे मुख्य काम, तिचे ओझेच काढून घेतले गेले.

अवसरी बुद्रुक परिसरातील चित्र

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक हे मंचरच्या बाजारपेठेशी जोडलेले शेतीप्रधान गाव आहे. डिंभे धरणामुळे तालुक्याच्या या पट्ट्यात बागायत वाढली आणि शेतीला दुधाची जोड मिळाली. जवळच अवसरी फाट्यावर १९९२ मध्ये स्थापन झालेल्या पराग मिल्क फूड्सचा दुग्धप्रकल्प आहे. अशा पट्ट्यात सायकलीचा उपयोग कोणता होता, हे निराळे सांगण्याची गरज नाही. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवलेल्या दुधाच्या किटल्या, आडवे बांधलेले गवताचे भारे, हँडलला लटकणारा जेवणाचा डबा आणि दांडीवर बसवलेले मूल हे सर्व एकाच सायकलीवर असे. मुले दांडीखालून पाय घालून 'हाफ पायडल' शिकत, मग दांडीवर आणि पाय पुरू लागले की सीटवर येत. सायकल मोठ्या माणसाच्या मापाची असे. वाढायचे ते मुलाने.

हातात पैसा आला तशी मोटारसायकल आली आणि किटल्या तिच्यावर चढल्या. जनगणनेचे आकडे या स्थित्यंतराचे देशव्यापी रूप दाखवितात. २००१ मध्ये ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. २०११ मध्ये हे प्रमाण ४४.८ टक्के, म्हणजे जवळपास स्थिर राहिले. याच दशकात स्वयंचलित दुचाकी बाळगणारी कुटुंबे ११.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेली. आकड्यांत न दिसणारी गोष्ट प्रतिष्ठेची आहे. ग्रामीण तरुणाच्या दृष्टीने सायकल सोडणे ही प्रगतीची खूण ठरली आणि त्यात त्याची चूक काढता येत नाही. सायकल हा त्याच्यासाठी पर्याय नव्हता, नाइलाज होता. शहरातील हौशी स्वाराकडे घरी मोटार असते. तो सायकल निवडतो. एकच यंत्र, परंतु एकाच्या बाबतीत ते दारिद्र्याचे आणि दुसऱ्याच्या बाबतीत सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जाते.

नियोजनातील अदृश्य स्वार

या भेदाचे परिणाम नगरनियोजनात उमटतात. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. पहाटेचे वर्तमानपत्र विक्रेते, बांधकाम मजूर व रात्रपाळीचे रखवालदार हे सायकलस्वार शहरात पूर्वीपासून आहेत. पुण्यात २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर जलद बससेवेबरोबर सायकल मार्गही आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने व्यापक सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास मोबाइलवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकली रस्त्यावर आल्या. त्यांपैकी ऑफो ही चिनी कंपनी २०१८ मध्येच भारतातून निघून गेली. पूर्वीच्या भाड्याच्या दुकानात मालक गिऱ्हाइकाला ओळखत असे आणि पंक्चर तिथेच निघत असे. नव्या योजनांत ही दोन्ही कामे कोणाची, हा प्रश्न नीट सुटला नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हा विरोधाभास फार ठळक झाला. स्थलांतरित मजूर मिळेल त्या साध्या सायकलीवर शेकडो किलोमीटर दूरच्या गावी निघाले होते, आणि काही आठवड्यांतच शहरी ग्राहकांकडून व्यायामाच्या सायकलींना मोठी मागणी आली. त्याच वर्षी ३ जून रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, ॲटलसने साहिबाबाद येथील आपला अखेरचा कारखाना आर्थिक अडचणींमुळे बंद केला.

पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तेथे पाहावयास मिळते. असे जतन मोलाचेच आहे. परंतु जुनी सायकल चालती ठेवण्यासाठी लागणारे कौशल्य काचेआड राहत नाही. तुंब्यातील छर्रे बदलणे, कॉटर पिन ठोकून बसवणे, आऱ्या ताणून चाकाचा बाक काढणे ही कामे कारागिराच्या हातात असतात, आणि ती शिकायला त्याची मुले आता क्वचितच तयार होतात. महाविद्यालयांच्या आवारातही फारसे निराळे दृश्य नाही. प्रवेशद्वाराजवळ 'सायकल स्टँड' ही पाटी अजून अनेक ठिकाणी शाबूत आहे. पत्र्याच्या छपराखाली मात्र मोटारसायकली दाटीवाटीने उभ्या असतात, आणि एखादी सायकल असलीच तर ती बहुधा शिपायाची असते.