वारली चित्राला जीआय मिळालं, पण चित्रकाराचं नाव नोंदलंय का?

पालघर : डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार तालुक्यांत पाड्यापाड्यांवर वारली चित्रं काढणारे हात आहेत. तीच चित्रं शहरात कपावर, साडीवर, हॉटेलच्या भिंतीवर दिसतात. पण ती बऱ्याचदा कारखान्यात छापलेली असतात आणि चित्रकाराच्या हाती काहीच पडत नाही. कायद्यात यावर काय सोय आहे, ते समजून घेऊ.

आधी भिंत, मग कागद
पूर्वी हे चित्र लग्नघरातच निघायचं. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायच्या. मधे पालघाट देवी, आजूबाजूला झाडं, माणसं, तारपा नाच. ब्रश म्हणजे टोक चेचलेली बांबूची काडी. १९७०च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र कागदावर आणि कापडावर आणलं, देशाबाहेरही नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं.

जीआय कुणाचं?
घोलवडच्या चिकूसारखंच वारली चित्रालाही जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. ही नोंद संस्थेच्या नावावर असते. चित्रकाराला ते नाव आपल्या मालावर हक्काने लावायचं तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. इथेच बरेच जण अडतात. समाजाला जीआय मिळालं म्हणजे आपल्याला आपोआप मिळालं, असं वाटतं. तसं नाही.

नोंद कशी करायची?
‘जीआय-३’ नमुन्यातला अर्ज चेन्नईच्या जीआय कार्यालयात जातो. आपण स्वतः ही चित्रं काढतो हे त्यात दाखवावं लागतं. फी आधी ५०० रुपये होती, २०२० मध्ये ती १० रुपये केली. त्यामुळे कुणी एजंट ‘फी’ म्हणून हजारो रुपये मागत असेल तर सावध राहा. नोंद जास्तीत जास्त १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करावं लागतं. नोंद झालेल्या चित्रकाराला नावाच्या गैरवापराविरुद्ध स्वतः दाद मागता येते.

चित्राची चोरी झाली तर?
जीआय नावाचं रक्षण करतं. तुम्ही काढलेल्या चित्रावर मात्र कॉपीराइट लागतो. चित्र पूर्ण झालं की तो आपोआप तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. तो चित्रकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. चौक, तारपा ही परंपरा मात्र सगळ्यांची, तिच्यावर एकट्याची मालकी नसते.

म्हणून एवढं कराच :
• चित्रावर नाव आणि तारीख टाका.
• मूळ चित्राचा फोटो जपून ठेवा.
• व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना पाठवताना लहान फोटो पाठवा, त्यावर नाव असू द्या.
• ऑर्डर घेताना किती प्रती छापणार, हे लिहून घ्या.

पाड्यावरच्या चार-पाच जणांनी मिळून अर्ज भरले तर कागदपत्रांची धावपळ वाटली जाते. चौक तरी एकट्याने कुठे लिहिला जायचा?