धोरणाचा हिशेब बाईच्या बाजूने

महाराष्ट्राने १९९४ साली महिला धोरण जाहीर केले. असे धोरण आणणारे हे देशातील पहिले राज्य. त्यानंतर अनेक योजना आल्या. योजना आली की किती कोटी खर्च झाले, किती महिलांना लाभ मिळाला, हे छापून येते. आम्ही बँकेतील माणसे आकड्यांतच वावरतो, पण एवढ्यावरून धोरणाचे मूल्यमापन होत नाही. लाभ कोणत्या बाईला झाला व तिच्या हाती काय उरले, हे पाहावे लागते.

आपल्या विठ्ठलवाडीचेच घ्या. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे झाले. येथे एस.टी.चे आगार आहे. माहेरी, लग्नकार्याला जाणाऱ्या भगिनींना कोणापुढे हात न पसरता निघता येऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पहाटे घरकामाला किंवा साफसफाईच्या कामाला निघणारी बाई लोकलने जाते. रेल्वे केंद्राची, तेथे ही सवलत नाही. म्हणजे वर्षातून दोनदा गावी जाताना निम्मे भाडे आणि रोज पोटासाठी जाताना पूर्ण!

२०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात ठरले. खाते तिच्या नावाचे, हे चांगलेच. पण काउंटरच्या आतून आम्हाला दिसते ते असे, की पासबुक तिचे आणि ए.टी.एम. कार्ड मुलाच्या खिशात. पैसे जमा झाल्याची नोंद होते. ते कोणी काढले याची होत नाही.

कायद्याचेही तसेच. १९९४ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क मिळाला, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. त्यांच्यासाठी २००५ ची केंद्रीय दुरुस्ती यावी लागली. (हा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) आणि हक्क मिळूनही माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपल्याच नात्यांत आहेत.

विद्यार्थ्यांनी सुटीत वस्तीतील पंचवीस घरी जाऊन एवढेच विचारावे : रोजचा प्रवास कशाने करता? कार्ड कोणाजवळ असते? हक्कसोडपत्र लिहून दिले आहे का? मात्र घरातील पुरुष बाहेर गेले असता विचारावे. ते समोर असले की उत्तरे तेच देतात.